लोर्नाबाई जिंकल्यावरच मार्क देते

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या विराबूल गावच्या फुटबॉल टीमने ओळीने एकोणतीस सामने हरून दाखवले होते. (इथला फुटबॉल हातात बॉल धरूनही खेळतात, चार क्वार्टरांत.) तिसावा जिंकला, आणि मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांचे भोंगे जे सुरू झाले ते थांबेचनात. मी वासू, वीस वर्षं या गावच्या दवाखान्यात नर्स आहे. माणसं जन्मताना पाहिली, जाताना पाहिली, पण क्लबचा सेक्रेटरी केव्हिन ट्रुस्कॉट, साठीचा बाप्या, चिखलात गुडघे टेकून हुंदके देताना पहिल्यांदाच पाहिला. मी म्हटलं, "ऊठ मेल्या, सर्दी झाली की माझ्याच दारात येशील."

पण खरी धाकधूक पुढेच होती. जिंकलो म्हणजे लोर्नाबाई मार्क देणार!

लोर्ना पॅस्को. वय शहात्तर. चौतीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये होती; 'प्लीज' म्हटल्याशिवाय एकाही पोराच्या मीट-पायवर, म्हणजे खिमा भरलेल्या त्या पेस्ट्रीवर, सॉस पडू दिला नाही. दर शनिवारी दुपारी तिची जुनी पांढरी गाडी गोलच्या खांबांच्या डाव्या हाताला, कुंपणाला नाक लावून उभी. मांडीवर घोंगडी, गळ्यात दुर्बीण, बाजूच्या सीटवर वही आणि केक. सामना संपला की क्लबच्या हॉलमध्ये बाई खुर्चीवर चढायची आणि प्रत्येक खेळाडूचे दहापैकी मार्क सगळ्यांसमोर वाचायची. ज्याला सगळ्यात जास्त, त्याला अख्खा केक.

हरल्यावर मात्र चकार शब्द नाही. "तापानं फणफणलेल्या माणसाला उठाबशा काढायला सांगू का मी?" म्हणायची, आणि केक घेऊन घरी. ते एकोणतीस केक तिनं आणि मी मिळून संपवले. माझी साखर वाढली ती त्यातच.

टीममधली अर्धी पोरं नवी. त्यांनी लोर्नाचे मार्क फक्त ऐकले होते, मिळाले कोणालाच नव्हते. ब्रेडन डूली, मेंढ्यांची लोकर कातरणारा, बावीस वर्षांचा दांडगा गडी, पण त्या संध्याकाळी हॉलमध्ये नाकात कापसाचे बोळे घालून असा बसला होता, जसा काही दहावीचा निकाल लागणार आहे.

आणि मला वेगळीच काळजी होती. कारण गावात एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. लोर्नाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दोन वर्षं. शनिवारी तिची गाडीही मीच चालवून आणायची. मी तारखा काढून द्यायची आणि ही मोडायची. ऑपरेशन शहरात, अडीच तासांवर. शुक्रवारी ते करणार, शनिवारी सकाळी पट्टी काढणार. "म्हणजे माझा शनिवार बुडणार," म्हणायची. सीझन संपला की म्हणायची, "आता टोमॅटोला पाणी कोण घालणार?" खरं म्हणजे घाबरली होती. जे आहे तेही गेलं तर, ही भीती. "वासू, चेहरे नाही दिसत, नाही तर नाही. पाठीवरचा नंबर दिसतो ना? माझं भागतं," म्हणाली, आणि मला शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही ती झाकून धरली.

तर बाई खुर्चीवर चढली. वहीत बोटभर उंचीचे आकडे.

"कॅप्टन, सहा. आवाज नऊचा, पाय सहाचे." हॉल खदखदला.

"बावीस नंबर, पाच. बॉल तुला चावत नाही रे बाळा, धर त्याला."

"सतरा नंबर. ब्रेडन डूली. चार. हाफ टाइमनंतर कुठे गडप झालास? मीट-पाय खायला गेला होतास की काय?"

कोणी हसलं नाही. ब्रेडननं नाकातला बोळा चाचपला.

"आणि एकतीस नंबर!" लोर्नाचा आवाज चढला. "लॉकी हॅनिगन! नऊ! अरे काय पोरगं आहे! शेवटच्या क्वार्टरला तीन गोल, त्यातला एक तर कुंपणाजवळून, डाव्या पायानं! ऊठ, केक घे."

सगळ्या माना ब्रेडनकडे वळल्या. झालं होतं असं. लॉकीचा घोटा दुसऱ्याच क्वार्टरला मुरगळला, तो बाकावर बसला. मग ब्रेडनच्या नाकावर कोपर बसलं, त्याची जर्सी रक्तानं माखली. रक्ताच्या जर्सीत अंपायर खेळू देत नाही. जादा जर्सी धुवायला गेलेल्या, म्हणून त्यानं लॉकीची घातली. हे मैदानावर कुत्र्यामांजरालासुद्धा दिसलं होतं. लोर्नाला दिसला तो नंबर.

ब्रेडन गुणी पोर. खाली बघून म्हणाला, "बरोबर आहे लोर्ना. दमलो होतो मी."

लॉकीनंही री ओढली. "थँक्यू, लोर्ना."

आवाजाच्या दिशेनं ती केक घेऊन निघाली, आणि तिचा पाय लॉकीच्या पायाखालच्या बादलीला लागला. बर्फ खळखळ करत सगळ्या फरशीवर पसरला.

"हे काय?"

"बर्फ आहे."

"कशाला?"

लॉकीनं सुजलेला घोटा खुर्चीखाली ओढला.

"लॉकी हॅनिगन, मी तुला पहिलीपासून ओळखते. कधीपासून खेळाबाहेर बसलायस?"

"दुसऱ्या क्वार्टरपासून," तो पुटपुटला. "तो ब्रेडन होता, लोर्ना. माझ्या जर्सीत."

तिनं केक एका हातावर पेलला. मी पुढे झाले तर हातानंच थांबवलं. मग सरळ म्हणाली, "मला दिसत नाही. वर्ष-दोन वर्षं झाली. ज्याला दिसत नाही त्यानं दुसऱ्याला मार्क देऊ नयेत. आजपासून बंद." वही केव्हिनच्या हातात दिली, केक टेबलावर ठेवला, आणि गेली. एकोणतीस पराभवांनंतरचा पहिला विजय, आणि त्या केकला कोणी सुरी लावेना. मला स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती.

सोमवारी ब्रेडन, लॉकी आणि केव्हिन तिच्या दारात हजर. मी तिथेच होते.

"लोर्ना, डोळे करून घे," ब्रेडन म्हणाला. "आम्हाला मार्क पाहिजेत."

"केव्हिन देईल."

"केव्हिन?" लॉकी म्हणाला. "तो सगळ्यांना आठ देईल आणि रडेल."

"शनिवार बुडतो रे."

"मार्क बंद केलेस ना? मग शनिवारी तुझं काम काय?" ब्रेडननं बरोबर कोंडीत पकडलं. "आणि या शनिवारी समोर बुनारा आहे, पहिल्या नंबरची टीम. आम्ही सपाटून मार खाणार. हरल्यावर तू तशीही गप्पच असतेस. तुझं काय बुडणार आहे?"

लोर्नानं चहाचा कप बाजूला सारला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडीत पेट्रोल भर."

त्या शुक्रवारची तारीख मी काढून ठेवलेलीच होती. एका डोळ्याचं झालं. शनिवारी सकाळी पट्टी निघाली आणि बाई खिडकीपाशी जाऊन जी उभी राहिली, ती हलेचना. "वासू, त्या झाडाला पानं आहेत," म्हणाली. "सुटी सुटी!" मी तिला जेवायला नेलं, तर मेनू मोठ्यानं वाचून काढला, किमतींसकट. संध्याकाळी परतीच्या वाटेवर केव्हिनचा फोन आला. "हरलो गं. त्रेसष्ट पॉइंटनी." ती म्हणाली, "बरं झालं! म्हणजे, वाईट झालं रे," आणि घर येईपर्यंत रस्त्यावरची एकूण एक पाटी वाचत बसली.

हरलो कसले! दोन पॉइंटनी जिंकलो होतो! तिला रुखरुख लागू नये म्हणून सगळ्या गावानं संगनमत केलं होतं. बेकरीवाली, पेट्रोल पंपवाली, पाद्रीसुद्धा. मलाही रात्री शपथ घातली. शपथांचा मला वीट आला होता, तरी घेतली.

गुरुवारी सराव झाला की टीम हॉलमध्ये एकत्र जेवते. सूप वाढलं जात होतं तेवढ्यात लोर्ना दारात उभी. हातात गावचं साप्ताहिक. खुर्ची ओढली, चढली, आणि शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतून वाचलं, "विराबूलकडून बुनाराचा दोन पॉइंटनी पराभव."

चमचे थांबले.

"केव्हिन, ती वही आण." केव्हिननं आणली. "मार्क देते. सामन्याचे नाही, तो मी पाहिलेला नाही. थापांचे देते. त्या पाहिल्यात. केव्हिन, दोन. त्रेसष्टनं हरलो म्हणालास तेव्हा मागे भोंगे बोंबलत होते. मला वाटलं, पाहुण्यांचे असतील. लॉकी, पाच. तोंड बरं सांभाळतोस. पाद्रीबाबांना शून्य, त्यांना हे यायलाच नको."

हॉल हसून कोसळला. जित्याची खोड, दुसरं काय!

"ब्रेडन डूली. इकडे ये. दिव्याखाली."

तो आला. तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा या अंगानं, त्या अंगानं पाहिला. कँटीनमध्ये रोज पाहिलेलं पोरगं, ते मधल्या दोन वर्षांत बाप्या झालं होतं.

"नाक वाकडं बसलंय. उद्या वासूला दाखव. आणि त्या दिवसाचे नऊ. आज माणूस बघून देते आहे."

ब्रेडन कानापर्यंत हसला. केव्हिन अर्थातच रडत होता. मीही डोळे पुसत टाळ्या वाजवत होते, तोवर बाईनं माझ्याकडे बोट केलं.

"वासू. चार."

"मला? मी काय केलं?"

"काहीच नाही केलंस. मी आंधळी होत होते आणि तू माझ्याबरोबर केक खात बसलीस."

"तूच शपथ घातली होतीस ना गं!"

"म्हणून चार दिले," लोर्ना म्हणाली. "तू भांडायला हवं होतंस माझ्याशी."

बाईचं बरोबर होतं. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्याच शुक्रवारची आहे, आणि या खेपेला ती पुढे ढकलायचं नाव तिनं काढलं तर मी तिला उचलून गाडीत घालणार आहे.