रिकाम्या वावरासमोर

आमच्या ह्यांनी सगळा जन्म कापसाच्या व्यापारात घालवला. हिंगणीच्या आजूबाजूला फिरायचं, शेतकऱ्याच्या दारात कापूस तोलायचा आणि जिनिंगवर नेऊन घालायचा. साठीनंतर धंदा मुलाच्या हातात दिला, पण सवय काही सुटली नाही. सकाळी आम्ही दोघं बोर धरणाच्या रस्त्यानं फिरायला निघालो की कोणाचंही वावर असो, हे धुऱ्याशी, बांधावर थांबणार. बोंड असेल तर तोडून चिमटीत धागा ओढून पाहणार, नसेल तर पानं उलटून पाहणार. मी दहा पावलं पुढे, कमरेवर हात ठेवून उभी. "वावर इकत घेता का काय?" असं मी रोज विचारायची आणि ते रोज हसायचे.

त्या वर्षी पोळ्यानंतर हे थांबणं वाढलं. आधी एकदा, मग दोनदा-तीनदा, पुढे तर चढ लागला की हमखास. मला वाटलं, धंदा सुटला म्हणून जीव तिकडे ओढतो. शेजारणींना मी हे कौतुकानं सांगायचीसुद्धा. माझं ते शहाणपण आठवलं की अजून राग येतो. राग काढायला हे घरातच असतात, म्हणून बरं आहे.

होळी झाली. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या गेल्या, वावरं उघडी पडली. एका सकाळी चढावर मागे वळून पाहिलं, तर हे उभे. समोर नुसती ढेकळं.

"काय पाहून राह्यले?" मी ओरडले.

"माती."

"माती काऊन?"

मी परत खाली आले. हवेत गारवा होता, तरी ह्यांच्या कपाळावर घाम होता आणि एक तळवा छातीच्या मधोमध दाबून धरलेला होता.

"दाटल्यावानी होते थोडं," ते म्हणाले. "गॅस असन. थांबलं का जाते."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

मी तिथेच धुऱ्यावर बसले. सात महिने मी ज्याला सवय समजत होते ते दुखणं होतं, आणि ह्या माणसानं ते माझ्यादेखत, माझ्या थट्टेच्या आडोशानं लपवलं होतं.

मुलानं त्याच दिवशी गाडी काढली आणि वर्ध्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आमच्याच भागातले, वयानं मुलाएवढे. हृदयाची पट्टी काढली, ती चांगली आली. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही खटला जिंकला.

"काका, आता तुम्ही निवांत बसून आहात," डॉक्टर म्हणाले. "बसल्यावर दुखते का?"

"नाई."

"मग पट्टी तरी काय सांगन?"

त्यांनी विचारायला सुरुवात केली. रक्तदाबाची गोळी? बरं वाटायला लागलं म्हणून परस्पर सोडलेली. साखर? काठावर. तंबाखू?

"नाई."

मी खुर्चीत सरळ झाले. "खिशातली पुडी काढा."

"तो खर्रा आहे!"

"खर्ऱ्यात काय काय असते, काका?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

"सुपारी. चुना."

"आणखी?"

हे खिडकीतून बाहेर पाहू लागले. आमच्याकडे खर्रा घोटणारी अर्धी माणसं शपथेवर सांगतील की आपण तंबाखू खात नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "वडील कशानं गेले?"

ह्यांची पाठ ताठ झाली. हा आमच्या घरातला अभिमानाचा विषय. "काईच झालं नाई त्यायले. ठणठणीत होते. ताटावर बसले अन् गेले."

"वय?"

"बावन्न."

"आणि त्यांचे भाऊ?"

"मोठेबाबा गाडी जुंपता जुंपता गेले. पन्नाशी नोयती झाली. आमच्यात कोणी खाटेवर पडून नाई मरत, डॉक्टरसाहेब. पुण्याई आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, याला पुण्याई नाही म्हणत. हा आजार आहे, आणि तुमच्या घरात चालत आलेला दिसतो."

ही पुण्याई मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेराव्याला. पण ती वयं एकाखाली एक मांडून पाहावीत, हे आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

चालत्या पट्ट्यावर चालवलं, तेव्हा ते दाटणंही आलं आणि पट्टीही बिघडली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हृदयालाही स्वतःचं रक्त लागतं, ते नेणाऱ्या नळ्या वरून गेलेल्या असतात. वर्षानुवर्षं त्यांच्या आतून थर बसतो. तंबाखू, वाढलेला दाब, साखर, रक्तातली चरबी, बसून राहणं आणि घराण्याचा वारसा, सगळे मिळून तो बसवतात. बसलेल्या माणसाला तेवढं रक्त पुरतं, चढावर पुरत नाही.

"ठिबकच्या नळीत क्षार बसतो तसं," हे म्हणाले.

"बरोबर."

"मंग ॲसिड सोडून मोकळी नाई करता येत?"

आम्ही सगळे हसलो, डॉक्टर सगळ्यांत जास्त. माणसात ॲसिड सोडता येत नाही, म्हणाले. मनगटातून तार घालून आधी पाहावं लागेल, आणि लागलीच तर जाळी बसवावी लागेल.

बाहेर बाकावर येऊन बसलो. मुलगा औषधं आणायला गेला होता. हे हळू आवाजात म्हणाले, "मी नाई करत काई. बाबा गेले तसा जाईन. कोणाले तरास नाई."

मग मात्र माझा तोल सुटला.

"तुमच्या बाबांले पुण्य लागलं. आईले काय लागलं, सांगा मले?"

सासूबाई बेचाळिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि त्यानंतर छत्तीस वर्षं जगल्या. सासरे गेले त्या दिवशी ताटात गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात होता, आणि त्यावर फोडणीचं तेल त्यांनीच वाढलं होतं. त्यानंतर त्या कधी पंगतीत बसल्या नाहीत. चुलीपाशी बसून, भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. "मी वाढलं अन् ते गेले," असं एकदाच मला म्हणाल्या होत्या. एका पळीनं कोणी जात नाही, हे त्यांना सांगणारं कोणी भेटलं नाही.

"मले भिंतीकडे तोंड करून नाई जेवाचं," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले असणार, कारण समोरची माणसं पाहत होती.

ह्यांनी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली, कोपऱ्यातल्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "विचार त्यायले, कधी येऊ."

दोन ठिकाणी जाळी बसली. खर्रा सुटायला मात्र पावसाळा लागला. त्या दिवसांत ह्यांच्याशी बोलणं म्हणजे आगीत हात घालणं होतं. एकदा बडीशेपेची डबी अंगणात भिरकावली आणि नंतर स्वतःच वेचत बसले. गोळ्या मी मोजून देते. गोळाभात अजून होतो, तेलाची पळी चमचा झाली. मुलाचंही रक्त तपासून घेतलं, चरबी वाढलेली निघाली. आता तोही चालतो, तोंड वाकडं करून का होईना.

दिवाळीनंतरची सकाळ. कापूस फुटला होता. चढ आम्ही एका दमात चढत होतो, बोलत बोलत, आणि मागची पावलं ऐकू येईनाशी झाली. मला वळवेना. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे.

वळले. हे धुऱ्याशी उभे, चिमटीत बोंड.

"धागा पाय. कसा लांब आला यंदा!"

भर रस्त्यात मी त्यांना जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. तेव्हापासून नेम झाला आहे. थांबायचं असलं की हे आधी मागून हाक देतात, "थांबून राह्यलो व, कापूस पाह्यासाठी!"

मी "पाहा" म्हणते, आणि दहा पावलांवर कमरेवर हात ठेवून उभी राहते. वावर विकत घेता का, असं आता विचारत नाही. पाहू देते, हवं तेवढं.