समोरच्या खुंटावरची लेओकाडिया

लेओकाडिया जळायची ती तोंडानं नाही, हातानं. चाती फिरवताना मनात कुणाबद्दल काही आलं की तिच्या सुताला एकदम कडक पीळ बसायचा. आम्ही शेजारणी त्या सुतावरूनच ओळखायचो, आज बाई कुणावर तरी धुमसतेय. बहुतेक वेळा ती धुमसायची तोरिबियावर, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोवर.

तशी लेओकाडिया आमच्या चिल्कापाता गावाची मानाची विणकरीण. कांदेलारिया मातेच्या सणाला मूर्तीच्या खांद्यावर जो शेला चढतो, तो वर्षानुवर्षं तिच्याच हातचा. अंगणात बसावं, मागाचं एक टोक खुंटाला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला, आणि लामाच्या हाडाच्या सळीनं धागे उचलत तळ्याची नक्षी काढावी. चौकटीत चौकट, मधोमध निळं पाणी. नवरा गेला होता, मूलबाळ झालं नव्हतं. तिचं म्हणून गावात जे काही होतं ते हे तळं. ते तिनं कुणाला शिकवलं नव्हतं.

तोरिबिया पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आली आणि दोन घरांमधल्या बुटक्या कुंपणावरून नुसतं बघून बघून तळं शिकली. वर त्या तळ्यात तिनं एक बदक सोडलं.

"बदक!" लेओकाडिया मला म्हणाली. "माझ्या तळ्यात हिचं बदक! उद्या बेडूकबी सोडंल."

"पण गोड दिसतंय गं," मी बोलून गेले.

"जा मग, दाणे घाल जा त्याला."

त्या वर्षी सणाचं यजमानपण गुमेर्सिंदाच्या घरी आलं. शेला कुणी विणायचा हे यजमानीण ठरवते. निवडुंगावरच्या किड्यांच्या लाल रंगात बुडवलेलं सूत आणि चिचाची, म्हणजे मक्याच्या दारूची, घागर घेऊन ती वाटेनं येताना दिसली, तशी लेओकाडियानं घागरा झटकला, टोपी सारखी केली आणि दारात उभी राहिली. गुमेर्सिंदानं लांबूनच हात हलवला आणि कुंपणापलीकडं वळली. बदकाच्या घरी.

लेओकाडियानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. कालचेच थंड बटाटे खाल्ले, तेही सालीसकट.

पण ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, एकटीनं मांडता येत नाही. जमिनीत दोन टोकांना खुंट रोवायचे, दोघींनी समोरासमोर बसायचं. हिनं सुताचा गुंडा तिच्याकडं टाकायचा, तिनं खुंटाला वेढा देऊन, ओढून, परत हिच्याकडं टाकायचा. दोघींची ओढ सारखी हवी. एक हात घट्ट आणि एक सैल पडला, तर विणलेलं कापड आकसतं, आणि मग त्यावर दगड ठेवा नाहीतर डोंगर, ते सरळ होत नाही. तोरिबियाचं माहेर लांब. ती वन्सांच्याच दारात आली.

"वन्सं, समोर बसता का? तुमच्यासारखा हात गावात दुसरा न्हाई."

"माझा कशाला? बदकाला बसीव की."

"बदकाला हात नसत्यात, वन्सं."

मला हसू फुटलं. लेओकाडियानं माझ्याकडं असं पाहिलं की ते तिथंच विरलं. पण ती बसते म्हणाली. तोरिबिया गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघच आता. शेला असा आकसंल, की मातेला शिंक येतीया असं वाटंल."

रीतीप्रमाणं डोंगराला मान म्हणून कोकाची पानं त्याच्याकडं फुंकून दोघी बसल्या. गुंडे करून द्यायला मी होते. तोरिबियाच्या मनगटाला उलट्या पिळाचा धागा होता. आमच्याकडं तो नजर लागू नये म्हणून बांधतात.

"ह्यो कशाला गं? कुणाची नजर लागती तुला?"

"लागायची तिची लागतीच की. गुंडा टाका."

सुरुवातीचे वेढे बरे गेले. मग लेओकाडियानं दात आवळले आणि आपल्या बाजूचा वेढा असा ओढला की खुंट करकरला. वाटलं, झालं, गेला शेला. तोरिबियानं मान वर केली नाही. आलेला गुंडा धरला आणि आपलाही वेढा तेवढाच ओढला. लेओकाडियानं आणखी ओढलं, हिनंही ओढलं. टोप्या बाजूला पडल्या. उन्हं उतरली तेव्हा दोन्ही खुंट एकमेकांकडं झुकले होते, लेओकाडियाच्या बोटाला काप गेला होता, आणि ताण्याला नख लावलं तर तो तारेसारखा वाजत होता.

सणाच्या सकाळी शेला मूर्तीवर चढवण्याआधी आमच्याकडं चारचौघी कोपरे धरतात आणि त्यात घागरभर पाणी ओततात. विणीची परीक्षा. लेओकाडियाच्या शेल्यांतूनही थोडंफार पाणी झिरपायचंच. तोरिबियाच्या शेल्याखाली जमीन कोरडी राहिली. पाणी हललं, तळं हललं आणि ते बदक पोहायला लागलं. पोरं ओरडली, म्हाताऱ्या बायांनी तोंडावर हात ठेवले.

"समोर वन्सं होत्या," तोरिबिया सगळ्यांना सांगत सुटली.

लेओकाडिया माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. "जाळ माझ्या जिवाचा, आणि बटाटे भाजले तिचे."

पुढच्या वर्षीची यजमानीण मात्र सरळ लेओकाडियाच्या दारात आली. लेओकाडिया लगेच तोरिबियाला सांगायला गेली, आणि ती आनंदानं समोर बसायला तयार झाली. त्या दिवशी लेओकाडिया ताणा मांडताना चक्क गुणगुणत होती. गुंडे हळूहळू इकडून तिकडं जात होते. खुंट सरळ उभे होते.

शेला देखणाच झाला. पाणी ओतलं, आणि खालून थेंब टपकायला लागले. "छान झालाय हो," बाया म्हणाल्या, नेहमीसारखंच म्हणाल्या, आणि मूर्तीकडं वळल्या.

दुपारी लेओकाडिया कुंपणाशी आली. पलीकडं तोरिबिया बटाटे सोलत होती.

"खरं सांग मला. समोर बसल्यावर तुला माझा जरासुदीक हेवा वाटला न्हाई?"

तोरिबियानं हातातला बटाटा खाली ठेवला. बिचारीनं खरोखर विचार केला.

"तुमचा, वन्सं? कशाचा?"

पट्ट्यात खोचलेली चाती काढून लेओकाडियानं तिथंच, उभ्यानं, सूत ओढायला घेतलं. पीळ असा बसत होता की धागा हातातल्या हातात वेटोळं घालत होता.