डॉक्टरांच्या फटफटीतली पितळी डबी
पेट्रोलचा वास आला की मला कुंभकोणमला आमच्या भांड्यांच्या दुकानापुढे अडकलेली डॉक्टरांची फटफटी आठवते. मरुदानल्लूरला एक बाई बाळंतपणात अडली होती आणि त्यांना लवकर पोचायचे होते. पण कार्ब्युरेटरमधून पेट्रोल टपटप गळत होते. "काय कॉलेजवाले, पुस्तक काय म्हणतं?" त्यांनी मला विचारले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मीच पहिला. "सुई झिजली असेल," मी चाचरत म्हणालो. काढून पाहिली तर सुई चांगलीच होती. मग अप्पांनी, माझ्या वडिलांनी, सुईखालची पोकळ पितळी डबी कानाशी हलवली. "आत पेट्रोल शिरलंय, डॉक्टर ऐया. ही तरंगली तरच सुई पेट्रोलची वाट बंद करणार." गळका तांब्या तपासावा तशी त्यांनी ती कढत पाण्यात बुडवली. केसाएवढ्या भोकातून बुडबुड्यांची माळ वर आली. आतले पेट्रोल पार उडून गेल्यावर त्यांनी मोहरीएवढा कथलाचा डाख दिला, डबी जड होऊ नये म्हणून कानशीने घासला. डबी परत बसवली आणि गळती थांबली. "फटफट्या कधीपासून दुरुस्त करता?" डॉक्टरांनी विचारले. "आतून आजच पाहिली," अप्पा म्हणाले. संध्याकाळी डॉक्टर परतताना दारात थांबले. "मुलगी झाली! दोघी खुशाल आहेत." अप्पांनी हात जोडले, मग वाकून गाडीखालची जमीन कोरडी आहे का ते पाहिले. मी आता पदवीधर आहे. तसे वाकून पाहायला मात्र अजून शिकतोच आहे.