पनवेलचा तबेला आणि पाच डबे लीद

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ह्यांनी मला विचारलं, "चार दिवस पनवेलला येतेस का?" मला वाटलं, उशिरा का होईना, नवऱ्याला बायकोला फिरायला न्यायची बुद्धी झाली. मी दोन चांगली पातळं काढून ठेवली. ह्यांनी ट्रंकेत सूक्ष्मदर्शक ठेवला आणि धक्का लागू नये म्हणून माझी पातळं त्याच्याभोवती गुंडाळली. तेव्हा मला प्रवासाचा हेतू कळला.

हे घोड्यांचे डॉक्टर. माझी मावशी पनवेलला राहायची. तिच्या घरामागे टांगेवाल्यांचा तबेला होता आणि तिथली एक घोडी दिवसेंदिवस वाळत चालली होती. मावशीने निरोप धाडला, जावईबापूंना घेऊन ये.

गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची आहे. खाडीवर वाशीचा पूल नव्हता, त्यामुळे एसटी ठाण्यावरून मुंब्र्याला वळसा घालून शिळफाट्यामार्गे जायची. खिडकी धरलीत तर डोंगर दिसायचा आणि धूळही मिळायची, दोन्ही फुकट. तळोज्याला आज कारखाने आहेत, तेव्हा दोन्ही बाजूंना पिवळं पडत आलेलं भात होतं. कंडक्टरला ट्रंकेचं वेगळं तिकीट हवं होतं.

"काय आहे आत?"

"दुर्बीण," हे म्हणाले.

"कशाला?"

"घोड्याची लीद बघायला."

कंडक्टरने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि तिकीट न फाडता पुढे गेला. प्रवासात खर्च वाचवायचा हा मार्ग मी कोणाला सुचवणार नाही, पण तो चालतो.

मावशीने दुपारी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. जेवण अंगावर आलं होतं, वडाळे तळ्याकडून वारा येत होता आणि मला पडायचं होतं. हे मात्र हात धुऊन सरळ तबेल्यात.

तबेला युसूफचाचांचा. पाच टांगेवाल्यांचे पाच घोडे तिथे एकत्र बांधलेले असत. चाचांचा स्वतःचा घोडा राजा, पांढराशुभ्र, पाठीवर ताट ठेवलं तर हलणार नाही असा गोल. त्याला रोज भिजवलेला हरभरा मिळायचा, बाकीच्यांना गवत आणि कोंडा. दुसऱ्या टोकाला लाजरी उभी होती. तिच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. तिचा मालक बाळाराम कोन गावचा, आगरी, बोलायला मऊ माणूस.

"साहेब, हिच्या पोटात जंत हायेत म्हनतात," बाळाराम म्हणाला. "आनि हिच्यामुलं सगल्यांच्या घोड्यांना लागतील म्हनतात. दसऱ्याच्या आत हिला भाईर काढाची हाय. दुसरा तबेला नाय. मंग इकावीच लागंल."

चाचा हुक्का बाजूला ठेवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी जबान दिली आहे. ज्याच्या जनावरात जंत, तो तबेल्याबाहेर. मग तो कोणी का असेना."

दसरा चार दिवसांवर होता. त्या दिवशी घोड्यांना न्हाऊ घालून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून गावातून फिरवायचे. बाळाराम बोलताना लाजरीच्या आयाळीतून बोटं फिरवत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

ह्यांनी फर्मान काढलं. सकाळी प्रत्येकाने आपापल्या घोड्याची ताजी लीद डब्यात आणायची. ती तपासल्याशिवाय कोणालाही बाहेर काढायचं नाही.

सकाळी पाच डबे आले, झाकणं घट्ट लावून, वर मालकाच्या नावाची चिठ्ठी. ह्यांनी मावशीच्या स्वयंपाकघरातून मिठाची बरणी उचलली आणि चहाची गाळणीही. पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ घालायचं, त्यात लीद कालवून गाळायची. जंतांची अंडी हलकी, ती वर तरंगतात आणि वर ठेवलेल्या काचेला चिकटतात. मिठागरांच्या गावात मिठाला तोटा नव्हता, पण गाळणी एकच होती. मावशी जावयाला काही बोलली नाही. मला बोलली, आणि भरपूर बोलली.

दुपारी ह्यांनी डोकं वर काढलं, ते गोंधळलेलं.

"पाचही घोड्यांत अंडीच अंडी. सगळ्यांत सारखीच."

"मग सगळ्यांनाच बाहेर काढा," मी म्हणाले आणि उरलेल्या लिदीकडे नाक दाबून पाहिलं. पाचही डब्यांत हरभऱ्याची टरफलं होती. आमच्या घरी उसळ टाकून दिलेली मला कळते, तर ही टरफलं का नाही कळणार?

"अहो, हरभरा फक्त राजा खातो ना?"

ह्यांनी पाचही डबे पुन्हा उघडून पाहिले. मग आम्ही तबेल्यात गेलो आणि एकेकाला गाठलं. कोणी खाली बघू लागला, कोणी वर. मुंबईच्या डॉक्टरसमोर आपल्या घोड्याची अब्रू जाऊ नये म्हणून प्रत्येकाने पहाटे गुपचूप सगळ्यांत धडधाकट घोड्याची लीद उचलली होती. वधूपरीक्षेला शेजारची मुलगी दाखवावी तसा प्रकार. चाचांनी तेवढी आपल्या राजाचीच आणली होती, तीही अभिमानाने.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही स्वतः तबेल्यात हजर. नवी नवरी पनवेलला जाऊन काय बघते, तर घोड्यांच्या शेपट्या. कोणता घोडा केव्हा कृपा करील याचा नेम नव्हता. लाजरीने सगळ्यांत जास्त ताटकळत ठेवलं.

निकाल लागला तेव्हा सगळे मावशीच्या मागच्या अंगणात जमले होते. हे म्हणाले, "लाजरीत जंत नावापुरते आहेत. बाकी तिघांतही थोडेच. सगळ्यांत जास्त राजाच्या पोटात."

सगळ्यांच्या माना चाचांकडे वळल्या.

"पण तो तर कसा टुणटुणीत आहे," चाचा म्हणाले.

"त्याला ते सोसतात, चाचा. म्हणून बाहेरून कळत नाही. त्याच्या लिदीतली अंडी जमिनीवर पडतात, त्यातून अळ्या निघतात आणि तिथेच टाकलेलं गवत बाकीचे खातात. अंगावरून जंत ओळखता येत नाहीत."

मग त्यांनी लाजरीचं तोंड उघडून दाखवलं. दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या. गवत चावताना गालाला टोचायचं, म्हणून ती अर्धवट चावलेले गोळे खाली टाकायची. उपाशी राहून वाळली होती बिचारी. ह्यांनी तिथेच कानशीने दाढा घासल्या.

चाचा उठले. तबेल्यात जाऊन त्यांनी राजाचा दोर सोडला आणि त्याला रस्त्याकडे न्यायला लागले. त्यांच्याच तबेल्यातून, त्यांचाच घोडा. जबान दिली होती ना. मी इतका वेळ मनात हसत होते, ते हसू तिथेच थांबलं.

बाळाराम आडवा आला. "चाचा, कुटं चाल्लाव?"

"बाजूला हो, बेटा."

"आमी रोज लीद उचलू. गवत खाली नाय टाकनार, गव्हानीतच घालू. डॉक्टर दवा देतील. राजाला भाईर काढाल तं मी पन लाजरीला घेऊन जातो."

चाचांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. राजाला वजनाप्रमाणे औषध देऊ आणि पंधरवड्याने पुन्हा तपासू. इतरांना उगाच पाजायचं नाही." दोर पुन्हा खुंट्याला बांधला गेला. मावशीने सगळ्यांना चहा दिला, नव्या गाळणीतून.

दसऱ्याला पाचही घोडे माळा घालून निघाले. लाजरी अजून बारीकच होती, पण त्या सकाळी तिने गव्हाण चाटूनपुसून साफ केली होती. परतीच्या दिवशी बाळारामनेच आम्हाला टांग्यातून एसटीपर्यंत सोडलं. भाडं घेईना. उतरताना मी गमतीने विचारलं, "तू का रे राजाची लीद आणलीस? तुझी घोडी तर निर्दोष होती."

त्याने लगाम हाताला गुंडाळला. "ताई, बाकीच्यांनी अब्रूसाटी आनली. मला वाटलं, जंत हिच्यातच हायेत. सगले म्हनत व्हते ना. म्हनून मी पन तेच धरलं."

घरी आल्यावर पातळांना लिदीचा वास आहे की नाही यावर आमचं भांडण झालं. होता. पनवेलला जाणार असाल तर जरूर जा, बिरडं खा, तळ्यावर बसा. माझ्याजवळ मात्र त्या प्रवासातलं बाळारामचं बोलणं राहिलं. चार लोक म्हणाले म्हणून त्याने जिवापाड जपलेल्या घोडीवरचा विश्वास सोडला होता, आणि तरीही तिला वाचवायला अंधारात दुसऱ्या घोड्याची लीद उचलली होती. इतकी माया मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.