आबांनी बेटावरून काय आणलं

नवा माणूस भेटला की त्याचं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीतरी विचारायची आपल्याकडे रीत आहे. माझे सासरे यातलं काहीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुमनाकडे पानी कितला हात खाल शे?" एसटीचा कंडक्टर असो, डॉक्टर असो की देवळातला पुजारी, कुणाची सुटका नव्हती. माणूस चांगला की वाईट हे आबांना कळत असेल-नसेल, पण त्याच्या गावचं पाणी किती खोल आहे हे पाच मिनिटांत कळलेलं असायचं.

मला पाहायला ही मंडळी धुळ्याला आली तेव्हा मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, आत्याबाईंनी मला चालून दाखवायला लावलं. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या वडिलांना त्यांनी तो प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता परसातल्या आडाकडे चालू लागले. वडील घाबरले. त्यांना वाटलं, मुलीत काहीतरी खोट दिसली आणि गृहस्थ उठून गेले. दहा मिनिटांनी आबा परत आले, हात पुसले आणि म्हणाले, "एकवीस हात. पोर पसंत शे." आडाला पाणी चांगलं होतं म्हणून माझं लग्न झालं, असं मी पुढे यांना कितीदा तरी चिडवलं आहे.

आबांच्या पिशवीत पानाच्या चंचीखाली सुतळीचा एक गुंडा असे. तिला हात-हात अंतरावर गाठी आणि टोकाला पितळेचं जुनं वजन. कुठेही विहीर दिसली की गुंडा सुटायचा. अमळनेरच्या एका लग्नात मुहूर्ताची वेळ झाली आणि वराचे चुलते सापडेनात. वधूचे मामा चिडून शोधायला निघाले, तर आबा कार्यालयामागच्या विहिरीवर वाकलेले आणि भोवती सात-आठ वऱ्हाडी गाठी मोजतायत. मी एकदा म्हटलं, "आबा, परक्या घरी गेल्या गेल्या असं विचारणं बरं दिसतं का?" त्यावर म्हणाले, "बेटा, इचाराले कसानी लाज? न इचारता जो बसस त्याले लाज वाटाले पायजे."

या मोजमापाला कारण होतं. चोपड्याजवळ आमची केळीची बाग. आबांच्या तरुणपणी विहिरीचं पाणी तीस हातांवर होतं, माझ्या लग्नाच्या वर्षी ते सत्तर हातांवर गेलं होतं. केळ ही मोठी तहानलेली बाई. आजूबाजूचे लोक ट्यूबवेल खोदायला लागले होते. माझे धाकटे दीर सुरेशभाऊजी शेती बघत, त्यांनीही पाणाड्या आणला. पाणाड्या हातातली काडी घेऊन शेतभर फिरला आणि काडी वाकली ती नेमकी बांधाजवळ. बांधापलीकडे आबांचे सख्खे धाकटे भाऊ, तात्या. बांधापासून वीस पावलांवर तात्यांची विहीर. इथं ट्यूबवेल घेतली तर ती विहीर आटणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

आबा दोन महिने हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. सुरेशभाऊजींनी संक्रांतीनंतर बोअरची गाडी येणार असं ठरवूनही टाकलं.

त्याच हिवाळ्यात माझी एल.टी.सी., म्हणजे सरकारी खर्चानं प्रवासाची सवलत, निघाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगावला टपाल खात्यात होते, हे कॉलेजात शिकवत. नाताळच्या सुट्टीत आम्ही लक्षद्वीपला जायचं ठरवलं. त्या काळी आमच्याकडचे लोक फार तर काशी किंवा रामेश्वर करत, बेटावर कोण जातंय? रविवारी गावी जाऊन आबांना सांगितलं. जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

"चहूकडे समुंदर?"

"हो, आबा."

"मंग लोके पितस काय?"

हे म्हणाले, पाऊस पडतो. आबा म्हणाले, पाऊस चार महिने, बाकीचे आठ? हे म्हणाले, विहिरी असतील. आबा म्हणाले, समुद्राच्या काठी विहीर खणली तर समुद्रच वर येईल. यांचं ज्ञान तिथं संपलं. आठ दिवसांनी आबा बिछाना आणि भाकरीसाठी कळण्याचं पीठ घेऊन जळगावला हजर. ऐन थंडीत, केळीचे घड निसवायच्या दिवसांत, आबा बाग सोडून निघाले हे गावात कुणाला खरं वाटेना. सुरेशभाऊजींनी मात्र लगेच होकार दिला. आबा त्यांना म्हणाले होते, "बेट देखी येस, मंग तुले सांगस."

गाड्या बदलत बदलत तिसऱ्या दिवशी कोचीला पोचलो आणि जहाजात बसलो. मी आणि हे रात्रभर ओकत होतो. आबा ठणठणीत. सकाळी मी वर गेले तर आबा एका खलाशाला खुणांनी विचारत होते की, जहाजावर प्यायचं पाणी कुठून येतं. खलाशानं त्यांना टाकी दाखवली, वर चहाही पाजला.

बेट पाहिलं आणि मी वेडी झाले. डिसेंबर असून अंगावर स्वेटर नको. पाणी असं हिरवं-निळं की जळगावच्या साडीच्या दुकानातसुद्धा तो रंग मिळू नये. आबा किनाऱ्यावर उतरले, ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन चाखलं, तोंड वाकडं करून थुंकले. मग नारळांमधून पन्नास पावलं आत गेले. तिथं एका घराच्या अंगणात उथळ विहीर होती, शेजारी लांब काठीला बांधलेला एक डबा. आबांनी सुतळी सोडली. दोन गाठींवर वजन पाण्याला लागलं. पुन्हा सोडली, दोनच. तिसऱ्यांदा सोडली. डब्यानं पाणी काढून प्याले आणि मला हाका मारायला लागले, "ये बेटा, ये, पी! गोड शे! दोन हातवर गोड शे!" एवढा म्हातारा माणूस लहान मुलासारखा हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

आम्ही चार दिवस पोहलो, काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिलं, फोटो काढले. आबा चार दिवस विहिरी मोजत होते. तिथल्या शाळेच्या मास्तरांना हिंदी येत होतं, आबांनी त्यांना धरूनच ठेवलं. दोघांना एकमेकांची भाषा धड कळत नसल्यानं बहुतेक वेळा यांना दुभाष्या म्हणून बसावं लागे.

मास्तरांनी सांगितलं की बेटाखाली सगळं खारं पाणी आहे, आणि पावसाचं गोड पाणी त्याच्यावर पातळ थरानं राहतं, दुधावर साय असते तसं. डब्यानं हळूहळू काढलं तर वर्षभर पुरतं. ओरबाडलं की खालचं खारं वर येतं. आबांनी लगेच विचारलं, "कोनी वरबाडं का?"

मास्तर म्हणाले, एकानं ओरबाडलं होतं. केळी लावली होती त्यानं, तिला पाणी द्यायला इंजिन बसवलं. एका उन्हाळ्यात त्याची विहीर खारी झाली आणि शेजारणीचीही झाली. ती बिचारी विधवा. आता दोन्ही घरं तिसऱ्याच्या विहिरीवरून पाणी नेतात.

"तिसरा भरू देस?"

"देतो. पाण्याला नाही कोण म्हणेल?"

केळीचं नाव निघाल्यावर आबांना त्या माणसाला भेटायचंच होतं. संध्याकाळी मास्तर आम्हाला घेऊन गेले. पन्नाशीचा, काटकुळा माणूस, अंगणात जाळं विणत बसलेला. त्यानं आम्हाला शहाळी दिली. आबांनी इंजिन केवढं होतं, केळी कोणती होती, किती दिवसांनी चव बदलली, सगळं खोदून खोदून विचारलं. मग यांना म्हणाले, "त्याले इचार, दुसराना दारे पानी लेवाले जास तवय कसं वाटस?"

यांनी "आबा, राहू द्या," असं दोनदा म्हटलं. आबा ऐकेनात. प्रश्न आमच्या बोलीतून हिंदीत आणि हिंदीतून मल्याळममध्ये गेला. त्या माणसानं जाळ्यातली गाठ पुरी केली. मग जे बोलला ते उलट्या वाटेनं आमच्यापर्यंत आलं. तो म्हणाला होता, "पहिली दोन वर्षं मी बायकोला पाठवत होतो."

आबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत असं एवढं एकदाच झालं.

परत आलो तो खानदेशात कडाक्याची थंडी. केळीची पानं करपली होती. आबांनी बागेत एक फेरी मारली आणि ओट्यावर बसून सुरेशभाऊजींना सांगितलं, गाडीवाल्याला येऊ नको म्हणावं. भाऊजी भडकले. त्यांचंही खोटं नव्हतं. ते म्हणाले, "आबा, चार बाजूनी चार ट्यूबवेल व्हयन्यात. आपण नही लिधी तरी त्या आपलं पानी वढतीनच."

"वढतीन," आबा म्हणाले. "पन तात्यानं पानी मी लेवाव नही. बांध वर शे, भो. खाल कोठे बांध शे?"

मग आम्हा सगळ्यांना ताकीद दिली, यातलं अक्षर तात्यांना कळता कामा नये. कळलं तर जन्मभर त्याच्या मानेवर उपकाराचं ओझं राहील, म्हणाले.

त्या वर्षी आबांनी निम्मी केळी काढून टाकली. ज्या माणसानं आयुष्यभर केळीशिवाय काही लावलं नाही, त्यानं पुढच्या हंगामात तिथं हरभरा केला आणि दादर, म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, पेरली. गावात चेष्टा व्हायची ती झालीच. पारावर लोक म्हणत, कुणी काश्मीरला जाऊन शाल आणतो, आमच्या आबांनी बेटावरून दादर आणली. आबा त्यांच्याबरोबर हसत आणि विचारत, "यंदा तुनं पानी कोठे गये रे?" भाऊजी त्यांच्याशी जवळजवळ वर्षभर कामापुरतंच बोलले. त्याचा आबांना फार त्रास झाला, हे त्यांनी मला एकदा भाकरी खाता खाता सांगितलं. सांगून झाल्यावर आबा भाकरी अर्धीच टाकून उठले.

आबा चार वर्षांनी गेले. तीन दिवसांचा ताप, एवढंच. तेराव्याला तात्या पोरासारखे रडले.

वर्ष सरायच्या आत सुरेशभाऊजी एक कागद घेऊन जळगावला आले. शेत आता या दोघा भावांच्या नावावर होतं, ट्यूबवेलच्या वीज जोडणीला यांचीही सही लागत होती. मी चहा केला. यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. मला सगळं आठवत होतं. पण मनात म्हटलं, शेती ते करतात, उन्हातान्हात ते राबतात, आपण शहरात नळाचं पाणी पिऊन त्यांना शहाणपण कसं शिकवावं? आणि आबा तर आता नाहीत. मी पेन शोधून दिलं.

पाणी तीनशे फुटांवर भरपूर लागलं. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तात्यांची विहीर आटली. भांडण झालं नाही. तात्यांची सून दिवसातून दोन वेळा आमच्या हौदावर पाणी भरायला येऊ लागली. भाऊजी मनाचे वाईट नाहीत, त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त ती येताना दिसली की त्यांना शेताच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी काम निघायचं.

मे महिन्यात मी गावी गेले होते. एका सकाळी हौदावर कपडे धूत होते, तर सुनेऐवजी तात्याच कळशी घेऊन आले. वय सत्तरीच्या पुढे. मी कळशी घ्यायला उठले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे बेटा, घरनंच पानी शे." कळशी नळाखाली ठेवून काठावर टेकले. इकडचं तिकडचं बोलले, माझ्या नोकरीचं विचारलं. मग एकदम म्हणाले, "भाऊ त्या बेटवर गयथा ना तुमनासंगे. तठे काय देखं व त्यानी? परत ऊना तो बदलीच ऊना. माले कधी सांगं नही."

मी पिळत असलेली साडी हातात तशीच राहिली. तात्या माझ्याकडे बघत होते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कळशी भरून वाहायला लागली, ती मी उचलून बाजूला ठेवली.

"समुद्र, तात्या," मी म्हटलं. "चहूकडे समुद्रच होता."