गढीच्या दगडावरचा शेंदूर

आमच्या गावची गढी वाचवाले मले फक्त एक नाव पायजे होतं. बांधली कोणं? बस, एवढंच! पण गावात हरेकाची गढी वेगळी. कोणी म्हणे गोंड राजाची, कोणी म्हणे भोसल्यांच्या सरदाराची, आन् माहे बाबा म्हणे, "मालगुजाराची. दुसऱ्या कोणाची असन?"

मालगुजार तिथं राहे हे खरं. आजूबाजूचे सात गावं त्याच्या हाताखाली होते. चार बुरूज, आत विहीर, घोड्यांचा तबेला. मंग मालगुजारी गेली, त्याचे लोक नागपूरले गेले, आन् गावानं गढी खाल्ली. खरंच सांगते! सागाचे दरवाजे गेले, विटा गेल्या, पांढरी माती तर बैलबंड्या भरभरून गेली. भिंतीले ती माती लय चांगली म्हणतात. आमच्या स्वयंपाकघराची भिंत तिचीच आहे. आता उरला एक बुरूज, एक कमान आन् मातीचा डोंगर.

आन् तो डोंगर पण नवीन रस्त्याच्या भरावात जाणार होता. ग्रामसभा आठ दिवसांवर. मी आर्वीले कॉलेजात इतिहास शिकली, मले राहवलं नाई, अर्ज घेऊन ग्रामसेवकाकडे गेली.

तो म्हणे, "म्याडम, कोणी बांधली ते लिहा ना. नाईतर कागदावर हा मातीचा ढीगच आहे."

कमानीजवळ एक दगड आहे. त्याच्यावर अक्षरं आहेत असं सगळेच सांगतात, पायले कोणीच नाई, काऊन का वर चार बोटं जाड शेंदूर! तो दगड म्हणजे गावाची गढीमाय. दर मंगळवारी तिले शेंदूर लावते आमच्या मागच्या गल्लीतली मावशी. ती घरी गोंडीत बोलते आन् माह्याशी मराठीत भांडते.

"मावशी, एका कोपऱ्यात जरासं खरडू दे ना."

"तुह्या तोंडावरचं पावडर खरडू का मी?"

"अवं, गढी जाऊन राह्यली! नाव सापडलं तर वाचन."

"तुह्या बापानं बंड्या भरल्या तवा कुठं गेलतं तुहं नाव?"

तरी तीन दिवस मागं लागली तवा म्हणे, "मंगळवारी उपाशी येजो. तूच काढजो, तूच परत लावजो."

दोन तास मी तेल लावून लाकडी उलथन्यानं थर काढून राह्यली. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून मोकळी झालती, आज इतिहास निघणार!!! आन् निघालं काय? एक घोडा. त्याच्यावर भाला घेतलेला, मिशीवाला माणूस. अक्षर एक नाई.

"मावशी, ही माय नाई, हा तर बाप्या आहे!"

तिनं वाकून पायलं. "असन. शेंदूर लाव, ऊन चढून राह्यलं."

ग्रामसभेत माह्या अर्जातली नावाची जागा कोरीच होती. मी बोलाले उठली, कोणी ऐकेना. मंग मावशी दहा-बारा बायांले घेऊन उठली. "तिथं आमची माय बसते. माती कोण काढते पाहू द्या." दोन मिनिटांत विषय खलास! सरपंच म्हणे, "देवीच्या जागेले कोण हात लावन बाप्पा?" ग्रामसेवकानं लिहिलं, गढीमाय देवस्थान, जुनी वहिवाट.

मी मोबाईलमधला फोटो दाखवला. "बुरूज लिहा, हा घोडेस्वार तरी लिहा!" बाबांनी हात धरून मले खाली बसवलं. "वाचली ना गढी? चूप बस."

वाचली म्हणे! त्याच सभेत कोणीतरी उठलं, का आता देवस्थान झालं तर कमान पाडून सिमेंटचं मंदिर बांधू. टाळ्या पडल्या. टाळ्या! मी मावशीकडं पायलं. ती बी टाळ्याच वाजवून राह्यली होती. बाहेर निघाल्यावर मलेच विचारते, "शिकली आहेस ना तू? टाइल्स कोणत्या चांगल्या, लाल का पांढऱ्या?"