मोठी नळी

ऑफिसातल्या सुधीरने मला फसवलं, आणि भोगलं एका हरिणीने. आज गॅरेजमध्ये पिस्तूल साफ करायच्या सॉल्व्हंटची बाटली उघडली. पिकल्या केळ्यासारखा तो वास आला आणि मी बारा वर्षांपूर्वीच्या, नेपरव्हिलजवळच्या बंदुकांच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

काउंटरवर शिकारीचं पिस्तूल होतं. एका वेळी एकच गोळी बसणारं, नळी बदलली की कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, बदलणारं. मोठ्या कॅलिबरची नळी एकच शिल्लक होती. थंड, जड. माझा हात तिच्यावरून निघेना.

"ठेव ती, भाऊ," सोबत आलेला सुधीर हसला. "की-बोर्ड बडवणारा तू, झटक्याने मनगट निखळेल."

"छोट्या गोळीने हरीण पडेल?"

"जागेवर! पाच सीझन शिकार करतोय यार, मला शिकवतोस?"

गाडी घेताना सेल्समनला चार तास रडवणारा मी, पण सुधीरशी एका शब्दाचीही घासाघीस केली नाही. छोटी नळी घेतली.

डिसेंबरमध्ये आम्ही दोघं शिकारीला गेलो. माझा नेम बरोबर बसला, पण हरिणी पडली नाही. पाय ओढत, बर्फावर लाल ठिपके टाकत ती कापलेल्या मक्याच्या शेतातून निघून गेली. अंधार पडेपर्यंत शोधली, सापडली नाही. सुधीर त्याच्या मचाणावरून उतरला, तेव्हा त्याच्या पिस्तुलाला दुकानातली तीच मोठी नळी होती.

त्या दिवशी मला फक्त नळी हातची गेल्याचा राग आला होता. आता ते ठिपकेच दिसतात. सुधीर, "जागेवर" म्हणाला होतास ना? मग ती कुठे जाऊन पडली, ते मला सांग.